पुलाच्या चढावरचा आवाज

गाडी दुरुस्तीला आली की माऊली मिस्त्री आधी मालकाला गप्प बसवायचा.

"मालक, दोन मिनिटं तुमी बोलू नका. तिला बोलू द्या," असं म्हणून तो चपला काढायचा, अनवाणी पायानं आत बसायचा आणि गाडी थेट नदीच्या रस्त्याला लावायचा. सोनपेठच्या चारी बाजूंनी जमीन परातीसारखी सपाट. कापूस, सोयाबीन, ऊस, पुन्हा कापूस. चढ म्हणावा असा एकच, पुलाला लागून घातलेला मातीचा भराव. इंजिनाचं दुखणं सपाटीवर लपून राहतं. ओझं घेऊन चढायला लावलं की तोंड उघडतं. त्यामुळं एखादी गाडी भरावावरून तीनतीनदा वर जाताना आणि खाली येताना दिसली, की शेतातली माणसं हातातलं काम न थांबवता म्हणायची, "माऊली ऐकायलाय."

सेहेचाळीस वर्षांचा हा माणूस. उंचीनं बेताचा, खांद्यानं रुंद, मिशा बारीक कातरलेल्या, आणि बोटांच्या पेरांत ऑइल इतकं मुरलेलं की लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस आधी त्याच्या हाताकडं बघायचा आणि मग पानाकडं. आवाज खालच्या पट्टीतला. समोरच्यानं चार वाक्यं टाकावीत तेव्हा याचा एक शब्द यायचा.

विशीत असताना पोलीस भरतीला गेला आणि उंचीत अर्ध्या बोटानं राहिला. गावाकडची तीन एकर जमीन दोन थोरल्या भावांनाच पुरत नव्हती. भरतीवरून परत येताना सोनपेठच्या एसटी स्टँडवर उतरला, स्टँडमागच्या सिताराम उस्तादांच्या गॅरेजपुढं उभा राहिला आणि दिवस मावळेपर्यंत उभाच राहिला. शेवटी उस्तादांनी विचारलं, "कुणाची वाट बघायलास रे?"

"कुणाचीच न्हाई."

"मग रिकामा कामून उभा? हा जॅक धर."

तो जॅक माऊलीनं बारा वर्षं धरला.

त्या दिवसांतलं स्टँड आता डोळे मिटूनच बघावं लागतं. काळ्यापिवळ्या जीपगाड्यांची ही लांब रांग, माणसं आत, माणसं टपावर, माणसं मागच्या पायरीवर लटकलेली, ड्रायव्हर गावांची नावं गाण्यासारखी ओरडायलेत. आणि त्यातली एकही जीप अशी नव्हती की जी सिताराम उस्तादांच्या हाताखालून गेली नाही. उस्ताद पूर्णेच्या एका जुन्या मिस्त्रीकडं शिकलेले. पांढरा सदरा घालून काम करायचे. इंजिनात कोपरापर्यंत हात घालायचे, पण संध्याकाळी त्या सदऱ्यावर डाग शोधून सापडायचा नाही. गॅरेजात त्यांचा प्रवेश झाला की हातोड्यांचे आवाज आपोआप खाली यायचे. ओरडायचे कधीच नाहीत. पाना चुकीचा उचलला की नुसते बघायचे, आणि तेवढं पुरायचं.

त्यांच्याकडं शिकणाऱ्याला दोन गोष्टी पाळाव्या लागत. हातानं बसवलेल्या, फिरवलेल्या भागावर छिन्नीनं आपली खूण करायची. "उद्या दुसऱ्यानं खोललं तर त्याला कळलं पाहिजे, विचारायचं कुणाला," असं उस्ताद म्हणत. त्यांची स्वतःची खूण म्हणजे सरळ उभी रेघ. माऊलीची तिरपी रेघ आणि शेजारी एक टिंब. दुसरी गोष्ट, उस्तादानं बांधून बंद केलेलं इंजिन शागिर्दानं त्याला विचारल्याशिवाय खोलायचं नाही. स्वतःचं गॅरेज टाकलं तरी नाही, उस्ताद म्हातारा झाला तरी नाही.

माऊलीनं नदीच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकून चौदा वर्षं झाली होती, आणि या चौदा वर्षांत तसा प्रसंग आला नव्हता. कारण उस्तादांनी बांधलेलं इंजिन कुणी तक्रार घेऊन दुसरीकडं नेतच नव्हतं.

दिवाळीनंतर बाजाराच्या दिवशी सकाळी माणिकराव कापडवाल्यांची ओम्नी गॅरेजपुढं येऊन थांबली, तेव्हा तो प्रसंग आला.

माणिकराव म्हणजे सात गावांचे सात बाजार करणारा माणूस. लुगडी, परकर, टॉवेल, टोप्या यांचे गठ्ठे ओम्नीत कोंबायचे आणि आठवडाभर फिरायचं. मनानं वाईट नाही, अडलेल्या बाईला लुगडं उधार देऊन विसरून जाणारा. जिभेला मात्र ब्रेक नाही.

"माऊली, ऐक," ते उतरता उतरताच सुरू झाले. "रेस दिली की आवाज येतो. नुसती उभी केली तर काई न्हाई. तसं मी काई बोलत न्हाई, तुला बोललेलं आवडत न्हाई—"

"मालक."

"न्हाई बोलत! एवढंच सांगतो. सिताराम उस्तादानं दसऱ्याला माझं इंजिन बांधलं आन् वाटोळं केलं. म्हाताऱ्याचा हात गेला बघ. हे मी म्हणत न्हाई, सगळा बाजार म्हणायलाय."

शेजारच्या टपरीवर कडूबाई चहा उकळत होती. तिनं तिथूनच विचारलं, "कोणता बाजार म्हणायलाय ओ?"

"सातबी बाजार!"

"त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच की!" माणिकराव छाती पुढं काढून म्हणाले, आणि टपरीवरची चार माणसं हसली.

माऊली हसला नाही. परवाच गीताकाकू, म्हणजे उस्तादांची बायको, दुपारच्या उन्हात चालत त्याच्याकडं येऊन गेली होती. पाण्याचा पेला हातात धरून ती म्हणाली होती, "बाजारातलं बोलणं त्यांच्या कानावर आलं. पंधरा दिवस झाले, शटर उघडलं न्हाई त्यांनी. शुक्रवारी परभणीचा माणूस यायलाय हत्यारं न्यायला. सगळी द्यायची म्हणत्यात. हात गेला आसंल तर हत्यारं ठिवून काय करू, म्हणत्यात." मग पेला तसाच खाली ठेवून विचारलं होतं, "खरंच गेला का रं हात? मला कोण सांगंल? तुला कळंल."

आज गुरुवार होता.

आता या गाडीत काय निघतं, त्यावर सगळं होतं. बेरिंगचा ठोका निघाला तर इंजिन खोलावं लागणार, आणि ते इंजिन शागिर्दानं खोललं याचा अर्थ सोनपेठच्या पोरासोरांना कळत होता. चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या हातावर गावानं गाड्या सोडल्या, तो हात गेला असा निकाल माऊलीच्या गॅरेजात लागणार होता.

त्यानं चपला काढल्या.

गठ्ठे आतच राहू दिले; ओझं हवंच होतं. माणिकराव शेजारी बसले. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळं ते अगदी माणसाच्या बुडाखालीच बोलतं. भरावाला लागल्यावर माऊलीनं तिसऱ्या गेअरमध्ये पाय दाबला. अर्ध्या चढावर आवाज सुरू झाला.

"हाच! हाच! ऐकला? कसा वाजायलाय बघ, जसं काई—"

माऊलीनं गाडी थांबवली. "मालक, तुमी पुलावर उभं राहा."

"मी? कशाला?"

"वरून कसा ऐकू येतो, ते सांगा."

खरं कारण दोघांनाही कळलं. माणिकराव धोतर सावरत उतरले आणि पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहिले. माऊलीनं गाडी खाली नेली, काचा वर घेतल्या आणि पुन्हा चढवली. मग पुन्हा. मग पुन्हा.

बेरिंग गेलं असेल तर आवाज जड असतो. दाराच्या फळीवर मुठीनं ठोकल्यासारखा, खोलातून येणारा. हा तसा नव्हता. पण तसा नसावा असं त्याला फार वाटत होतं, आणि म्हणूनच त्याचा स्वतःच्या कानावर विश्वास बसेना. ऐकणाऱ्याच्या मनात एखादा आवाज आधीच भरलेला असला की बाहेरचा आवाज नीट आत येत नाही. चौथ्या फेरीला त्यानं एकच ठरवलं, की उस्तादांचं नाव मनातून काढायचं. गाडी परक्या गावची, इंजिन परक्यानं बांधलेलं. पाय दाबला. आवाज आला. टिणटिणटिण. पत्र्याच्या डब्यात कुणी चिंचोके हलवावेत तसा, वरच्या अंगाचा, कोरडा. पाय उचलला की गेला.

त्यानं श्वास सोडला. पण कानाला वाटलं म्हणून झालं असं उस्तादांनी त्याला शिकवलंच नव्हतं.

गॅरेजात परत आल्यावर सीट उचलून त्यानं इंजिन चालू ठेवलं आणि प्लगच्या वायरी एकेक काढून बघितल्या. खालचं बेरिंग दुखत असेल तर त्या बाजूचा करंट तोडल्यावर ठोका मऊ पडतो. इथं ठोकाच नव्हता. वाटीभर ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतलं, उन्हात धरलं. धातूचा एक कण चमकला नाही. पेट्रोल वाईट असलं तरी गाडी अशी वाजते, म्हणून टाकीतलं पेट्रोल काढलं, नवं आणून भरलं, पुन्हा चढावर नेलं. आवाज तसाच. मग प्लग काढून तळहातावर ठेवले. तिन्हींची टोकं भाजून पांढरी पडलेली. आत आग लागत होती ती वेळेआधी लागत होती.

"मालक, गॅसची टाकी कुठंय या गाडीची?"

"काढून टाकली की," माणिकराव म्हणाले. "पासिंगला तिचं सर्टिफिकेट मागायलेत. म्हणलं इंजिन बांधायलोच तर हे लफडं बी जाऊ द्या. आता निस्ती पेट्रोलवर हाय. कामून?"

माऊली पुन्हा इंजिनावर वाकला.

"बरं, तू कर तुझं. मी चहा घेऊन येतो," म्हणत माणिकराव टपरीकडं गेले.

इंजिनात प्रत्येक प्लगला करंट कधी पोचायचा, ते डिस्ट्रिब्युटर नावाचा एक ठोकळा ठरवतो. तो केसभर इकडं फिरवला की करंट लवकर, तिकडं फिरवला की उशिरा. गॅस हळू पेटतो, म्हणून गॅसवरच्या गाडीला करंट थोडा लवकर द्यावा लागतो. तोच लवकरचा करंट पेट्रोलला दिला, की पिस्टन वर चढत असतानाच पेट्रोल भडकतं आणि चढणाऱ्याच्या डोक्यावर घाव बसतो. चढावर ऐकू येत होती ती याच घावांची टिणटिण होती, आणि नव्यानं बांधून तगड्या झालेल्या इंजिनात ती आणखी जोरात उठत होती.

माऊलीनं फडक्यानं डिस्ट्रिब्युटरची मान पुसली. कारखान्याची मूळ रेघ मळाखालून वर आली. तिच्यापासून बोटभर अंतरावर दुसरी खूण होती. तिरपी रेघ, शेजारी टिंब. आणि त्या तिरप्या रेघेला खालच्या इंजिनावरची रेघ इतकी नेमकी जुळवून बसवलेली होती, की दोन्हींमधून नख गेलं नसतं.

आठ वर्षांपूर्वी हीच ओम्नी गॅस बसवून नवी नवी आली होती आणि गठ्ठे घेऊन चढायला तयार नव्हती. माऊलीनं डिस्ट्रिब्युटर फिरवला होता, शिस्तीत खूण केली होती, आणि गाडी पळाल्यावर माणिकराव खूश होऊन गेले होते. एक वाक्य तेवढं सांगायचं राहिलं होतं. कधी पेट्रोलवर आणली तर हे मागं फिरवून घ्या. त्याला वाटलं होतं, पुन्हा पेट्रोलवर कोण आणतंय.

आणि दसऱ्याला उस्तादांनी इंजिन बांधून डिस्ट्रिब्युटर हातात घेतला असेल. तिरपी रेघ बघितली असेल. माऊलीनं ठेवलंय म्हणजे बरोबरच ठेवलं असणार, असं म्हणून खुणेला खूण लावली असेल. मूळ रेघेकडं त्यांनी बघितलंही नसेल.

दहाचा पाना माऊलीच्या हातात होता. बोल्ट अर्धा आटा सैल करायचा, ठोकळा बोटभर मागं घ्यायचा, बोल्ट आवळायचा. माणिकरावांचा चहा संपायच्या आत झालं असतं. मग चढावर एकदा नेऊन आणली की आवाज गायब, आणि सातही बाजारांत बातमी की उस्तादानं बिघडवलेलं माऊलीनं बरं केलं. खोटं कुणीच बोललेलं नसतं. गिऱ्हाईक तर तसंही हळूहळू स्टँडकडून नदीच्या रस्त्याकडं सरकतच होतं. पाना बोल्टावर बसलाही. माऊली किती वेळ तसा वाकून राहिला कोण जाणे. कडूबाईनं दोनदा चहासाठी हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही.

मग त्यानं पाना काढला, सीट जागेवर टाकलं आणि टपरीपुढं येऊन उभा राहिला. रंगमंचाच्या मधोमध माणूस यावा तसा, सगळ्यांना दिसेल असा.

"माणिकराव, उस्तादांनी इंजिन एक नंबर बांधलंय. चूक माझी हाय."

टपरीवरचे कप थांबले.

"तुझी? तू तर हातच लावला न्हाई!"

"आठ वर्षांमागं लावला होता. गॅससाठी टायमिंग पुढं केलं, तुमाला सांगितलं न्हाई. उस्तादांनी माझ्या खुणेवर भरोसा ठेवला. त्यानं गाडी वाजायलीय."

माणिकरावांनी कपाकडं बघितलं, मग माऊलीकडं. "म्हंजे मी पंधरा दिवस चुकीच्या माणसाला शिव्या घालायलोय?"

"व्हय."

"आरं मग आधी सांगायचं की! मी तुला घातल्या असत्या!"

"आता घाला की ओ," कडूबाई म्हणाली. "सात बाजार पुन्हा फिरावं लागंल तुमाला. घसा शेकून घ्या, हा घ्या आल्याचा चहा."

"जाऊ दे," माणिकराव ओशाळून म्हणाले. "गाडी बरी करून दे, मिटलं."

"मी करणार न्हाई. ते इंजिन त्यांचं हाय. चला, बसा गाडीत."

"मी? मी कशाला तिथं?"

"बाजारात तुमी बोललात. घरात बी तुमीच बोला."

उस्तादांच्या ओसरीवर गोणपाट अंथरलं होतं आणि त्यावर चव्वेचाळीस वर्षांची हत्यारं मांडली होती. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, हातोडे, पुलर, छिन्न्या, सगळं रॉकेलनं धुऊन पुसलेलं. उस्ताद स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात खुर्चीवर बसले होते. समोर रोगी उतरवून ठेवावा आणि नातेवाइकानं उशाशी बसावं तसे.

"जयभीम, उस्ताद."

"जयभीम. ये." माणिकरावांकडं त्यांनी बघितलं आणि मान थोडी हलवली. गीताकाकू दारात येऊन उभी राहिली.

माऊलीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. उस्तादांनी मध्ये अडवलं नाही. तो थांबल्यावर त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "वायरी काढून बघितल्या?"

"बघितल्या."

"ऑइल?"

"साफ हाय."

"खोललं?"

"न्हाई, उस्ताद. बेरिंग चांगलं हाय. खोलायची गरजच न्हाई."

गीताकाकूनं पदर तोंडाला लावला. माणिकराव पुढं झाले. बोलायची सवय असलेला माणूस, पण शब्द जुळवताना त्यांच्या कपाळावर घाम आला. "उस्ताद, मी लय बोललो. नको ते बोललो. ज्या ज्या बाजारात बोललो तिथं जाऊन सांगतो. माझ्या बापाच्या जीपपासून तुमी आमच्या गाड्या केल्यात. मला लाज वाटायलीय."

आता म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं माऊलीला वाटलं होतं. तसं झालं नाही. उस्ताद हत्यारांकडं बघत राहिले.

"आवाज कसा येतो म्हणालास?"

"टिणटिण. चढावर. रेस दिली की."

"जोरात?"

"यांना सुद्धा येतो, उस्ताद."

"मला आला न्हाई."

"सपाटीवर नेली आसंल तुमी. सपाटीवर न्हाई येत."

"चढावर नेली. तीनदा." उस्तादांचा आवाज अगदी साधा होता. "गाडी द्यायच्या आधी तीनदा नेली. हा बोंबलत आला तवा पुन्हा दोनदा नेली. गाडी गप्प होती. मी म्हणलं माणिकराव उगं कायतरी म्हणायलाय. मग म्हणलं, न्हाई, माझंच कुठंतरी चुकलं, बांधताना हात हलला, आन् मला सापडंना."

बाहेरच्या लिंबावरून नजर काढून उस्तादांनी गीताकाकूकडं बघितलं.

"मोबाइल वाजला की तूच सांगती मला. मी म्हणायचो मोबाइल बिघडलाय. माणसाचं बोलणं कळतं, हातोडा कळतो, बेरिंगचा ठोका अजून दहा हातांवरून कळतो. म्हणून मनात आलंच न्हाई." ते थोडं थांबले. "गावातल्या चिमण्या बी गेल्या, म्हणायलो होतो मी मागं."

"चिमण्या कुठं गेल्यात," गीताकाकू हळूच म्हणाली. "सकाळी लिंबावर नुसता कालवा असतो त्यांचा."

उस्तादांनी मान हलवली. एकदा, सावकाश. तेवढ्यात ते सगळं त्यांनी स्वतःशी कबूल करून टाकलं असावं. हात गेला नाही हे सांगायला तो आला होता, आणि दुसरंच काहीतरी गेलेलं त्यानं त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं.

"उस्ताद, खूण माझी होती. कानाचं आपल्या चौघांतच राहू द्या."

"गाडी चालू कर," उस्ताद म्हणाले. वाकून त्यांनी गोणपाटावरचा दहाचा पाना उचलला.

दुपारचं ऊन कलत असताना ओम्नी पुन्हा भरावाला लागली. माऊली चालवत होता, उस्ताद शेजारी, माणिकराव मागं लुगड्यांच्या गठ्ठ्यांवर बसलेले; आणि आश्चर्य असं की त्यांच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. पायथ्याशी गाडी थांबली. सीट उचललं. उस्तादांनी बोल्ट सैल केला आणि डिस्ट्रिब्युटर मागं घेतला, मूळ रेघेच्या दिशेनं, पण पूर्ण नाही. बांधलेल्या इंजिनाला नेमकं कुठं मानवतं ते रेघ सांगत नाही. ते चढावर ऐकूनच ठरवायचं असतं.

वर गेले.

"हाय?" उस्तादांनी विचारलं.

"हाय. कमी झाला."

खाली आले. पुन्हा सीट वर. उस्तादांचा अंगठा ठोकळ्यावर टेकला आणि तो केसभर सरकला. इतका कमी, की मागून मान लांब करून बघणाऱ्या माणिकरावांना काही हललेलं दिसलंच नाही. बोटांना कंप नव्हता.

"हाय?"

"अगदी शेवटाला. पुलाजवळ."

तिसऱ्या खेपेला माऊलीनं काचा वर घेतल्या, पाय दाबला आणि श्वास धरला. गाडी भरलेल्या गठ्ठ्यांसकट पूल चढली. इंजिन एका सुरात गात होतं. उस्ताद समोर रस्त्याकडं बघत नव्हते. माऊलीच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांच्या कानाला पहिल्या खेपेला जे आलं तेच आताही येत होतं.

"गेला," माऊली म्हणाला.

"नक्की?"

"गेला, उस्ताद."

त्यांनी गाडी पुलावर थांबवायला लावली, उतरले, सीट उचलून बोल्ट आवळला आणि सदऱ्याला न लागू देता हात पुसले.

परत येताना माऊली त्यांच्या घराकडं वळायला लागला, तर उस्ताद म्हणाले, "स्टँडवर घे."

बाजार भरात होता. त्यांच्या बंद शटरपुढं भाजीवालीनं टोपल्या मांडल्या होत्या. उस्ताद उतरले तशी ओळखीची माणसं जमली. रिक्षावाले, जुने जीपवाले, जे आता नातवांना शाळेतून आणतात. माणिकराव गाडीतून उडी मारून पुढं आले आणि बाजारात कापड विकणाऱ्या गळ्यानं सुरू झाले, "ऐका हो! उस्तादांनी इंजिन एक नंबर—"

उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माणिकराव थांबले.

"इंजिन चांगलं होतं," उस्ताद म्हणाले. आवाज मोठा केला नव्हता, पण मागच्याला पोचला. "टायमिंग चुकलं होतं. माऊली म्हणतो चूक त्याची. अर्धी त्याची हाय. अर्धी माझी. त्यानं खूण केली, मी गाडी ऐकून द्यायला पाहिजे होती. मी ऐकली आन् मला ऐकू आलं न्हाई. बारीक आवाज येत न्हाई मला आता. तवा ऐकायचं काम असंल तर गाडी माऊलीकडं न्या. हे माझ्या तोंडून ऐका, बाजारातून ऐकू नका."

माऊली मान खाली घालून उभा होता. त्याला ते अडवायचं होतं आणि अडवता येत नव्हतं. एक जुना जीपवाला पुढं आला, उस्तादांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच सोडून मागं झाला.

शेवटी माणिकरावांनाच राहवलं नाही.

"उस्ताद, एक इचारू का?"

"इचार."

"क्लच लय घसरायलाय माझा. तो... तो बी माऊलीकडंच न्यायचा का?"

उस्तादांनी त्यांच्याकडं रोखून बघितलं. "क्लच कानानं ऐकायचा असतो व्हय? पायाला कळतो तो. बाजार नसंल त्या दिवशी आण."

"सातबी दिवस बाजार हाय माझा."

"मग एक बुडव."

भाजीवालीला त्यांनी टोपल्या जरा बाजूला घ्यायला सांगितल्या, खिशातून किल्ली काढली आणि शटरच्या कुलपाशी वाकले. पंधरा दिवसांच्या धुळीनं ते लवकर फिरेना. माऊली मदतीला पुढं झाला, पण उस्तादांनी त्याला घरी पिटाळलं, गीताकाकूला निरोप द्यायला, की परभणीच्या माणसाला फोन लाव आणि उद्या येऊ नको म्हणून सांग.